चौथीच्या वर्गात बिअर्डेड ड्रॅगन: ठेवावा का, आणि ठेवायचा तर कसा?

मुग्धा_मेरीलँड

नमस्कार मंडळी. मी मेरीलँडमध्ये एलिमेंटरी शाळेत चौथीला शिकवते. शेजारच्या वर्गाच्या बाई या जूनमध्ये निवृत्त होताहेत. त्यांच्या वर्गात बरीच वर्षं एक बिअर्डेड ड्रॅगन आहे. नर, वय अंदाजे सहा, मुलांनी ठेवलेलं नाव पिकल्स. निवृत्तीनंतर बाई लेकीकडे राहायला जाणार आहेत आणि त्या इमारतीत पाळीव प्राणी चालत नाहीत. म्हणून त्यांनी मला विचारलंय, तू घेशील का?

ज्यांना हा प्राणी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला सरडा आहे, शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. शेपटीसकट दीड ते दोन फूट लांब. गळ्याखाली काटेरी कातडीची पिशवी असते. घाबरला किंवा चिडला की ती फुगवतो आणि काळी करतो, तीच त्याची दाढी. दिवसा जागा, रात्री झोपलेला, स्वभावाने बराच शांत. नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षं जगतो.

मला तो हवासा वाटतो यामागे कारण आहे. आमच्या राज्यात नेक्स्ट जनरेशन सायन्स स्टँडर्ड्स आहेत, म्हणजे कुठल्या इयत्तेला विज्ञानात काय यायला हवं त्याची निकषं. त्यात चौथीला प्राण्यांच्या शरीराची रचना तगून राहायला कशी मदत करते आणि प्राणी ज्ञानेंद्रियांनी माहिती कशी घेतात, हे दोन विषय येतात. पुस्तकातल्या चित्रावरून मुलं हे पाठ करतात. पण पिकल्स रातकिडा दिसल्यावर आधी मान तिरकी करतो, एका डोळ्याने अंतर घेतो आणि मग जीभ टाकतो, हे मी शेजारच्या वर्गात मुलांना श्वास रोखून बघताना पाहिलंय. एरवी एका जागी पाच मिनिटं न बसणारा मुलगा त्या पेटीसमोर मधली अख्खी सुट्टी बसतो.

पण मला उत्तर देण्याआधी सगळी बाजू समजून घ्यायची आहे. साल्मोनेलाचं, म्हणजे सरड्यांपासून माणसाला होणाऱ्या त्या पोटाच्या जंतूचं काय? शनिवार-रविवार, थँक्सगिव्हिंग, हिवाळ्याची सुट्टी, उन्हाळा यांचं काय? वर्गातला आवाज त्याला सोसतो का? ज्यांनी पाळलाय, ज्यांच्या मुलांच्या वर्गात आहे, ज्यांना हे मुळातच पटत नाही, सगळ्यांनी लिहा.

---

सुलभाकाकू

फोटो बघून अंगावर काटा आला बाई! चावतो का गं? आणि विषारी नाही ना?

---

नंदू_डॅलस

काकू, घाबरू नका. हातात घेतल्यावर चावायची उदाहरणं फार थोडी, बहुतेकदा बोटाला अन्नाचा वास असतो म्हणून. विषाचं विचारलंत ते मात्र रास्त आहे. ब्रायन फ्राय आणि सहकाऱ्यांनी २००६ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की या सरड्यांच्या तोंडातही अगदी प्राथमिक अवस्थेतल्या विषग्रंथी आहेत. पण त्यांचा माणसाला काही त्रास नाही. चावलाच तर साबणाने धुवायचं आणि जंतुनाशक लावायचं, बस.

मुग्धाताई, माझ्याकडे घरी दोन आहेत, वेगवेगळ्या पेट्यांमध्ये. (दोन नर एकत्र कधीच नाही. नर-मादीही नाही.) शाळेतल्या पेट्या मी पाहिल्यात त्यावरून सांगतो, बहुतेक ठिकाणी गाडी प्रकाशावर अडते.

या प्राण्याला दोन वेगळ्या गोष्टी लागतात, ऊब आणि यूव्हीबी (उन्हातले एक प्रकारचे अतिनील किरण). ऊब साध्या हॅलोजनच्या दिव्यानेही मिळते. दिव्याखालच्या दगडावर ३८ ते ४२ अंश सेल्सिअस, पेटीच्या दुसऱ्या टोकाला २५-२७. त्याला गरम-गार यांच्यात ये-जा करता आली पाहिजे, कारण अन्न पचवण्यापासून सगळं त्याच तापमानावर चालतं. यूव्हीबी मात्र वेगळ्या ट्यूबमधूनच मिळते. ती नसेल तर कातडीत ड-जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषलं जात नाही आणि हाडं मऊ पडतात. जबडा रबरासारखा होतो, पाय वाकतात. पेटी वर्गातल्या खिडकीशी ठेवली की ऊन मिळतं असं पुष्कळ शिक्षकांना वाटतं. पण खिडकीची काच यूव्हीबी जवळजवळ सगळी अडवते. वर पेटी तापून भट्टी होते ते निराळंच. म्हणून खिडकीपासून लांब ठेवा.

ट्यूब टी-५ प्रकारची, लांब, पेटीच्या निम्म्याहून जास्त लांबीवर येणारी घ्या. दिसायला उजेड देत राहिली तरी तिची यूव्हीबी कमी होत जाते, त्यामुळे कंपनी सांगेल त्याप्रमाणे सहा महिने ते वर्षभरात बदलायची. बदलल्याची तारीख ट्यूबच्या टोकाला मार्करने लिहून ठेवा. वरची जाळीही बरीच किरणं अडवते, शक्य असेल तर ट्यूब जाळीच्या आत बसवा.

पेटी मोठ्या सरड्याला किमान चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच. तुमच्या बाईंकडे कोणती आहे? वर्गांमध्ये तीन फुटांची दिसते, ती अपुरी.

'गरम दगड' म्हणून विजेवर तापणारे दगड विकतात, ते अजिबात नकोत. पोटाखालची उष्णता या प्राण्याला नीट कळत नाही आणि भाजतं. दिवे टायमरवर लावा. आणि तापमान पेटीला चिकटवलेल्या गोल काट्याच्या मीटरवर विसंबून ठरवू नका, दगडावर रोखून मोजायचं इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. मुलांना ते मोजायचं काम द्या, आवडीने करतात.

---

मुग्धा_मेरीलँड

नंदू, खूप आभार. पेटी तीन फुटांचीच आहे. ट्यूब कधी बदलली ते उद्या विचारते. खाण्याचंही लिहाल का?

---

नंदू_डॅलस

पिल्लांना किडे जास्त, मोठ्यांना पाला जास्त, हा मूळ नियम. सहा वर्षांच्या नराला रोज पाला आणि आठवड्यातून दोन-तीनदा मोजके किडे पुरतात.

पाल्यात कोलार्ड, मोहरीची पानं, डँडेलियनची पानं, एन्डाइव्ह. किसलेला लाल भोपळा किंवा बटरनट. जास्वंदीचं फूल दिलंत तर आधी तेच उचलेल. पालक आणि राजगिरा टाळा, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. आइसबर्ग लेट्यूसमध्ये पाण्याशिवाय फारसं काही नाही. अ‍ॅव्होकॅडो विषारी. कांदा-लसूण नको. फळ क्वचित.

किड्यांमध्ये रातकिडे, डुबिया झुरळं, ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या. वर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा.

वर्गात एक धोका हमखास असतो, तो म्हणजे लठ्ठपणा. प्रत्येक मुलाला स्वतःच्या हाताने अळी भरवायची असते. बावीस मुलांनी एकेक अळी दिली की त्या प्राण्याच्या यकृताची वाट लागते. भरवायची पाळी लावा, आणि पाळी बहुतेक वेळा पाल्याची असू दे.

---

केतकी_लीड्स

मी विरोधी मत मांडते, मुग्धा, राग नसावा. मी इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत आहे. इथे आरएसपीसीए ही प्राणीकल्याण संस्था शाळांमध्ये प्राणी ठेवू नयेत असंच सांगते, आणि अनुभवाने मला ते पटलंय.

आधीच्या एका शाळेत (नाव घेत नाही) बिअर्डेड ड्रॅगन होता. वाईट कोणीच नव्हतं, सगळ्यांचं त्याच्यावर प्रेम होतं. पण प्राणी 'वर्गाचा' होता, म्हणजे नेमका कोणाचाच नव्हता. शुक्रवारी वेगवेगळ्या मुलांच्या घरी जायचा. एका घरी मांजर, एका घरी दिवा लावायला विसरले, एका घरी दिवसभर गळ्यात घेऊन फोटो. सोमवारी परत आला की दोन दिवस खायचा नाही. कोणाच्या घरी काय झालं ते कधी कळायचंच नाही. मग शिक्षक बदलले आणि नव्या शिक्षकाला तो प्राणी नको होता.

सरड्याचा ताण दिसत नाही हे सगळ्यात वाईट. कुत्रा केकाटतो, मांजर पळते. हा थिजून बसतो आणि आपण म्हणतो, बघा किती शांत, किती माणसाळलाय! हातात डोळे मिटून पडलेला सरडा सुखात असेलच असं नाही. नको असलेलं दिसू नये म्हणूनही तो डोळे मिटतो.

निरीक्षणच करायचं तर काडीकिडे ठेवा, फुलपाखराच्या अळ्या वाढवून सोडा, खिडकीबाहेर पक्ष्यांचं खाणं टांगा. दहा वर्षं जगणारा, वाळवंटाचं हवामान लागणारा प्राणी त्यासाठी कशाला?

---

तेजस१९

+१ केतकीताईंना, पण एका मुद्द्यावर असहमत. इथे पिकल्स दुकानातून नव्याने आणायचा नाहीये. तो आहे, सहा वर्षांचा आहे, आणि त्याला घर हवंय. मुग्धाताईंनी नाही म्हटलं तर रेस्क्यूत (बेघर प्राण्यांच्या निवाऱ्यात) जाईल किंवा ऑनलाइन कोणालातरी दिला जाईल. नव्या प्राण्यासाठी माझंही उत्तर 'नको' असतं.

---

अबोली_पी

एक आई म्हणून लिहिते. माझ्या मुलीचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालंय आणि ती प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांवर आहे. तिच्या तिसरीच्या वर्गात वर्षाच्या मध्येच सरडा आला आणि आम्हाला ते तिच्याकडूनच कळलं. त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत.

साल्मोनेला हा 'घाणेरड्या' सरड्यांचा प्रश्न नाही. निरोगी, स्वच्छ, गुटगुटीत सरड्याच्याही आतड्यात तो असू शकतो आणि विष्ठेतून कातडीवर, दगडावर, पाण्याच्या भांड्यावर येतो. एकदा तपासणी निगेटिव्ह आली म्हणून नाही असं धरता येत नाही, कारण तो अधूनमधून बाहेर पडतो. अमेरिकेत २०१२ ते २०१४ या काळात साल्मोनेला कॉथम नावाच्या एरवी दुर्मीळ प्रकाराची साथ आली होती. ३० हून जास्त राज्यांत मिळून दीडशेहून जास्त रुग्ण, आणि त्यातले निम्म्याहून अधिक पाच वर्षांच्या किंवा त्याहून लहान वयाचे. सीडीसीने (अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था) माग काढला तो पाळलेल्या बिअर्डेड ड्रॅगनपर्यंत पोचला. म्हणूनच पाच वर्षांखालची मुलं असतील तिथे सरपटणारे प्राणी ठेवू नयेत अशी सूचना आहे. १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं विकायला बंदी आहे तीही याच जंतूमुळे.

चौथीची मुलं नऊ-दहा वर्षांची, हे खरं. पण त्यांच्या घरी दोन वर्षांचं भावंड असतं. म्हणून प्राणी मुलांच्या घरी पाठवायला माझा ठाम विरोध आहे. बाकी तुम्ही वर्गात ठेवणार असाल तर कृपा करून:

प्राणी वर्गात येण्याच्या आधी प्रत्येक घरी पत्र जाऊ दे, आणि त्यात 'तुमच्या घरी पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी आहे का' असं विचारा. पालक वर्गासमोर सांगणार नाहीत, नर्सला खाजगीत कळवायची सोय ठेवा. एकाही घरातून 'हो' आलं तर नर्सशी बोलून ठरवा, आणि त्या मुलाला वेगळं न काढता सगळ्यांचाच हात लावणं बंद ठेवता येतं हे लक्षात असू द्या. पेटीतली भांडी मुलं पाणी पितात किंवा डबे धुतात त्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने, सॅनिटायझर हा दुय्यम उपाय. ज्या टेबलावर तो चालला तिथे कोणी स्नॅक खायचा नाही. आणि पापी घेणं, गालाला लावणं, खांद्यावर बसवणं नाही म्हणजे नाही.

माझ्या मुलीच्या वर्गात शेवटी 'फक्त बघायचं' हा नियम सगळ्यांना लागू झाला. ती त्या सरड्याची चित्रं काढायची, वहीत तो कधी कुठे बसला ते लिहायची. तिचं काही बुडलं नाही.

---

मुग्धा_मेरीलँड

अबोली, तुमची पोस्ट मी प्रिंट करून ठेवतेय. मुलीला खूप शुभेच्छा. पत्राचा मसुदा मी नर्ससोबत बसूनच करणार.

केतकी, राग कसला. 'वर्गाचा म्हणजे कोणाचाच नाही' हे वाक्य कालपासून डोक्यातून जात नाहीये. तुमचा मुद्दा मला असा समजला: वर्गात प्राणी असावा की नाही हा दुसरा प्रश्न, आधी मालक कोण ते ठरायला हवं. मी घेतला तर तो माझा असेल. शाळा सोडली, इयत्ता बदलली, गाव बदललं, तरी माझ्यासोबत येणार. नवऱ्याशी बोलणं सुरू आहे.

---

जाई_मेलबर्न

मी इथे प्राण्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. आमच्याकडे हे इथल्या रानातलेच प्राणी. व्हिक्टोरियाच्या वायव्येला मॅलीच्या बाजूला गाडीने गेलं की कुंपणाच्या खांबावर उन्हात बसलेले दिसतात. जवळ गेलं तरी लवकर हलत नाहीत, आपला रंग लपवेल या भरवशावर. देशी सरपटणारे प्राणी जिवंत परदेशी विकायला ऑस्ट्रेलियात कित्येक दशकांपासून बंदी आहे, म्हणजे तुमच्याकडचे सगळे तिकडच्याच पैदाशीतले.

मुग्धा, पिकल्स घेण्याआधी सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर शोध. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर यांना बघत नाही. पहिल्या भेटीत वजन, जबडा, शेपटीचं मूळ, पाय तपासून घे आणि ताज्या विष्ठेची तपासणी करून घे. कोक्सिडिया आणि पिनवर्म हे आतड्यातले परजीवी खूप सापडतात. जुने डाग, जाड पिवळट खपल्या असतील तर लगेच दाखव. पिवळी बुरशी म्हणतात तो आजार यांच्यात वाईट असतो. सुरुवातीला पकडला तर काही आशा असते, नाहीतर आत उतरतो.

त्याच्या खाणाखुणा ओळखायला शीक, आणि मुलांनाही शिकव:

तोंड उघडं ठेवून दिव्याखाली बसणं म्हणजे बहुतेकदा जास्तीची ऊब बाहेर टाकणं. गार कोपऱ्यातही तोंड उघडं असेल, श्वासाचा आवाज येत असेल, तर श्वसनाचा आजार.

काळी दाढी एखाद्या मिनिटापुरती झाली तर चिंता नाही. आरशातलं प्रतिबिंब दिसलं, बाहेर ससाणा दिसला, शेजारी कोणाचा नवा भडक टी-शर्ट आला, एवढंही पुरतं. दिवसभर काळी राहिली तर काहीतरी दुखतंय.

पुढचा एक पाय संथ गोल फिरवणं ही शरणागती, 'मी लहान, मला मारू नकोस'. मुलं म्हणतात, तो हाय करतोय! त्यांना खरं सांग. वर्गाकडे बघून तो सारखा पाय फिरवत असेल तर पेटीची बाजू झाकायची वेळ आली.

आणि ब्रुमेशन. हिवाळ्याच्या सुमाराला काहीजण कित्येक आठवडे कमी खातात, कोपऱ्यात झोपून राहतात. ते नैसर्गिक आहे. पण आजारी प्राणीही असाच दिसतो, म्हणून दर आठवड्याला वजन करायचं. ब्रुमेशनमध्ये वजन फारसं उतरत नाही. उतरलं तर डॉक्टर. आणि शेपटी ओढली जाऊ नये. पालीसारखी ती पुन्हा येत नाही.

एक महत्त्वाचं राहिलं. तुमच्या भागात उन्हाळ्यात काजवे असतात ना? एकच अमेरिकन काजवा खाल्ल्याने हे सरडे मेल्याची नोंद आहे, काजव्याच्या अंगात हृदयावर परिणाम करणारं विष असतं. कोणी लाडाने बरणीत काजवे घेऊन आलं तर ते पेटीच्या जवळही जाऊ देऊ नकोस. बाहेर पकडलेला कुठलाच किडा नको.

---

प्राजू

वाचतेय. जाईची पोस्ट वाचून आमच्या शेजाऱ्यांच्या सरड्याकडे नव्याने बघितलं. तो रोज 'हाय' करतो, असं त्यांची मुलं सांगत होती.

---

तेजस१९

विज्ञानाच्या बाजूने थोडी भर. हा प्राणी संशोधकांचा लाडका आहे आणि चौथीच्या मुलांना सांगता येतील अशा गोष्टी भरपूर आहेत.

झोप: सस्तन प्राणी आणि पक्ष्यांसारखी गाढ झोप आणि डोळ्यांची हालचाल होणारी झोप सरड्यांमध्येही आलटून पालटून येते, हे २०१६ साली याच जातीत दिसलं. फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक मेंदू संशोधन संस्थेचं काम, 'सायन्स'मध्ये छापलेलं. त्यांचं एक चक्र जेमतेम ऐंशी सेकंदांचं. रात्रभरात किती चक्रं होतील याचा हिशोब मुलांना घालता येईल!

शिकणं: इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात २०१४ मध्ये एका सरड्याला जाळीचं दार डोक्याने बाजूला सरकवायला शिकवलं. ते बघितलेल्या दुसऱ्या सरड्यांनीही दार तसंच उघडलं, न बघितलेल्यांना जमलं नाही.

नर-मादी: यांच्यात मादी कोण हे गुणसूत्रं ठरवतात, पण अंडी ३२ अंशांच्या वर उबली तर गुणसूत्रांनी नर असलेलं पिल्लूही मादी होऊन बाहेर येतं. २००७ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं, २०१५ मध्ये रानातही अशा माद्या सापडल्या. (चौथीला हे नको वाटलं तर सोडा. मोठ्या वर्गाला सांगा.)

रंग: मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवलंय की पाठीचा रंग हा तापमान आणि आसपासशी जुळवायला बदलतो, गळ्या-छातीचा एकमेकांशी बोलायला. सकाळी गार असताना पाठ गडद, ऊन खाऊन झालं की फिकी. हा प्रयोग वर्गात प्राण्याला हात न लावता करता येतो. रंगाच्या दुकानातल्या रंगपट्ट्या आणा. रोज ठरलेल्या वेळी मुलं पाठीचा रंग पट्टीशी जुळवतील, दगडाचं तापमान नोंदवतील. महिनाभरात खरा आलेख तयार, आणि तो त्यांनी स्वतः काढलेला. डोक्यावरचं तिसरं 'डोळ्याचं' ठिपकं शोधायला लावा. ते उजेड-अंधार ओळखतं, वरून आलेली सावली त्याला जाणवते. म्हणून हात नेहमी बाजूने न्यायचा, वरून नाही.

---

भटक्या_सातारा

मी साताऱ्याजवळ माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. हा धागा वाचून आमच्या दोन पालकांनी 'आपल्या शाळेतही आणूया, पुण्यात मिळतात' असं सुचवलं, म्हणून लिहितो.

आपल्याकडे परदेशातून जिवंत प्राणी आणायला सरकारी परवाना लागतो. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली. दुकानदार 'काही लागत नाही' म्हणतो तेव्हा आयातीचे कागद मागा. शाळेने बिनकागदाच्या प्राण्यात पडूच नये. आणि इथे सरड्याचा डॉक्टर, यूव्हीबी ट्यूब, वीज गेल्यावरची सोय हे सगळं कोण बघणार?

आम्हाला गरजही नाही. याच कुळातले, अगॅमिडीतले, सरडे आमच्या शाळेच्या कुंपणावर बसतात. बागेतला साधा सरडा विणीच्या काळात डोकं-गळा लालभडक करतो आणि फांदीवर जोर काढतो. मुलं त्याच्या हद्दी नकाशावर काढतात. वर चाळकेवाडीच्या सड्यावर तर पंखागळ्याचे सरडे आहेत. तिथल्या जातीचं वर्णन २०१६ मध्ये झालं, नाव सरडा सुपर्बा. पावसाळ्याआधी नर दगडावर चढून निळा-काळा-केशरी गळा उघडतो ते बघायला लांबून माणसं येतात. तिथे पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी कमी झाले आणि सरडे वाढले, त्यांचं वागणंही बदललं, असा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झालाय. मुलांना अन्नसाखळी शिकवायला यापेक्षा चांगलं काय हवं? पकडायचं नाही, दगड उलथायचे नाहीत, लांबून दुर्बिणीने बघायचं.

मुग्धाताईंचा प्रश्न वेगळा आहे हे मान्य. त्यांच्याकडे तो प्राणी घर शोधतोय.

---

केतकी_लीड्स

भटक्या, हे फार आवडलं. आमच्याकडे एवढे सरडे असते तर!

तेजस, मुग्धा, घर हवं असलेला प्राणी हा मुद्दा मी मान्य करते. मग माझी विनंती एवढीच, की तो मुग्धाच्या घरचा असावा आणि शाळेत त्याने 'नोकरीला' यावं. रोज नाही आला तरी चालेल.

---

नंदू_डॅलस

रोज ने-आण करू नका मात्र. प्रत्येक प्रवासाचा ताण असतो, आणि मेरीलँडच्या जानेवारीत गाडीपर्यंत नेतानाही तो गारठेल. एक तर पूर्ण पेटी शाळेत आणि दुसरी पूर्ण पेटी घरी, आणि सुट्टीला हलवायचा. नाहीतर घरीच ठेवून वर्षातून काही आठवडे शाळेत.

---

मुग्धा_मेरीलँड

सगळ्यांचं वाचून, घरी बोलून, प्रिन्सिपल आणि नर्सला भेटून ठरलं ते लिहिते.

पिकल्स आमचा होतोय. कागदावर माझ्या नावाने, दवाखान्याचा खर्चही माझा. शिक्षकांना वर्गातल्या प्राण्यांसाठी अनुदान देणारा 'पेट्स इन द क्लासरूम' नावाचा उपक्रम आहे, त्यातून सामानाला मदत होते का ते बघतेय. पण ते मिळो न मिळो, निर्णय त्यावर अवलंबून नाही.

जूनपासून सबंध उन्हाळा तो घरी, चार फुटांच्या नव्या पेटीत. ट्यूब बाईंना आठवतच नव्हती, म्हणून पहिल्या दिवशी नवी. डॉक्टर सापडले, घरापासून जरा लांब आहेत, पण सरपटणारे प्राणी नेहमी बघतात. सप्टेंबरमध्ये त्याला शाळेत आणणार नाही. मुलं आधी एकमेकांना आणि मला ओळखू देत, पत्रांची उत्तरं येऊ देत. ऑक्टोबरमध्ये आणायचा, थँक्सगिव्हिंगला घरी न्यायचा, आणि हिवाळ्यात तो घरीच राहील, कारण सुट्टीत शाळेचं हीटिंग खाली करतात आणि आमचे कस्टोडियनकाका रात्री सगळे दिवे लावून साफसफाई करतात, म्हणजे त्याची झोपही मोडते. वसंतात पुन्हा शाळेत. कुठल्याही मुलाच्या घरी तो जाणार नाही.

वर्गात पेटी दारापासून आणि खिडकीपासून लांब, मागच्या भिंतीशी, तीन बाजू झाकलेल्या. हातात घेणं पहिल्या टप्प्यात नाहीच. नंतरही मी हातात धरणार, मुलांनी दोन बोटांनी पाठीवरून, आणि लगेच हात धुवायला. पत्रातून एकाही घरी धोका आहे असं कळलं तर वर्षभर 'फक्त बघायचं', सगळ्यांना. मी नसेन आणि सब (बदली शिक्षक) असेल त्या दिवशी पेटी बंद, त्यासाठी एक पानी सूचना दाराच्या आत चिकटवणार. रंगपट्टीचा आलेख नक्की करणार, तेजस.

प्रिन्सिपलनी एकच विचारलं, मुलांना हात लावता येणार नसेल तर उपयोग काय? मी त्यांना शेजारच्या वर्गात घेऊन गेले. मधल्या सुट्टीत तो मुलगा पेटीसमोर होता. त्याने त्यांना स्वतःहून सांगितलं की पिकल्स आत्ता गडद आहे म्हणजे अजून तापलेला नाही, थोड्या वेळाने या. त्यांनी सही केली.

---

अबोली_पी

मनापासून आभार मुग्धा. पत्र इतर भाषांमध्येही पाठवा, ज्या घरात इंग्रजी वाचत नाहीत तिथेच आजी-आजोबा आणि लहान बाळं एकत्र असतात बऱ्याचदा.

---

मुग्धा_मेरीलँड

हो, स्पॅनिश आणि अम्हारिकमध्ये (इथिओपियातली भाषा) करून घेतेय. आमच्या वर्गात दोन्ही आहेत.

---

सुलभाकाकू

मुग्धा, जास्वंद मी देईन हो. माझ्या अंगणातल्या कुंडीत भरपूर येते, औषध काही मारत नाही. बाल्टिमोरलाच असते मी.

---

जाई_मेलबर्न

काकू, उत्तम! फक्त देठ आणि परागाचा दांडा काढून, धुऊन द्या. मुग्धा, पहिल्या आठवड्यात त्याने काही खाल्लं नाही तर घाबरू नकोस, जागा बदलल्यावर होतं तसं. वजन मात्र पहिल्या दिवशीच करून ठेव, पुढची तुलना त्याच्याशीच करायची आहे. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा चालेल, पण मग तो काटा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नकोस.